त्याच्या जरा आधी काय झालं?

दुसरीतल्या एका मुलाने लिहिलेल्या पाच ओळी माझ्याकडे अजून आहेत.

"मांजर कपाटातून बाहेर आलं. आम्ही खूप घाबरलो होतो. आतून आवाज येत होता. ताई म्हणाली चोर आहे. कपाट मी बंद केलं होतं."

अक्षर बरं, वाक्यं शुद्ध, घटना खरी आणि गमतीची. पण ती घडली त्या क्रमाने कागदावर आलेली नाही, वाचणाऱ्याने तुकडे उचलून जुळवायचे आहेत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या वह्यांत असं लेखन मला सतत भेटतं. पहिली ते तिसरीच्या वर्गांना शिकवून मला बावीस वर्षं झाली. या काळात शुद्धलेखनापेक्षा आणि अक्षरापेक्षाही जास्त वेळ मी या एकाच गोष्टीला दिला आहे, कारण घडलेलं नीट सांगता येणं ही मुलाची मोठी गरज आहे. कुणी ढकललं, काही हरवलं, खेळताना भांडण झालं, की ज्याला क्रमाने सांगता येतं त्याचं म्हणणं मोठी माणसं ऐकून घेतात. ज्याला येत नाही ते मूल "नीट सांग, नीट सांग" ऐकून शेवटी गप्प बसतं. ते गप्प बसणं मला बघवत नाही.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शिक्षकांना उपयोगी पडेल, आणि घरी मुलांना लिहायला बसवणाऱ्या आईबाबांनाही.

भिंतीवरचा तक्ता

सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात एक तक्ता लावला होता: प्रथम, त्यानंतर, मग, शेवटी. हे शब्द मुलांच्या हाती दिले की क्रम आपोआप येईल असं मला वाटलं होतं. मुलांनी ते शब्द मनापासून वापरले. एका मुलीने लिहिलं, "प्रथम मला रडू आलं. त्यानंतर मी पडले. शेवटी मी पळत होते."

तिची काही चूक नव्हती. मी सांगितलं तसं तिने प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर एकेक शब्द ठेवला होता. चूक माझ्या शिकवण्यात होती. घटना मनात ओळीने उभी राहिली असेल तर हे शब्द ती बांधून ठेवतात. ती तशी उभीच नसेल, तर ते चुकीच्या जागी चिकटवलेल्या चिठ्ठ्या होतात. तक्ता मी उतरवला. हे शब्द मी आजही शिकवते, पण फार पुढे, आणि निराळ्या रीतीने. ते खाली येईलच.

मूल मधूनच का सुरू करतं

दात पडलेलं मूल दारातूनच ओरडत येतं: "माझा दात पडला!" सकाळपासून दात हलत होता, जिभेने ढकलत होतो, खेळताना धक्का लागला, हे सगळं नंतर. सगळ्यात मोठी बातमी आधी. मोठी माणसंही असंच करतात. मूल लिहायला बसलं की त्याच्या मनात सगळ्यात ठळक असलेलं वाक्य सगळ्यात आधी कागदावर उतरतं, आणि मग आठवेल तसं मागचं-पुढचं येत राहतं.

कॅरोल पीटरसन आणि अलिसा मकेब या दोन अभ्यासकांनी लहान मुलांनी सांगितलेल्या खऱ्या घटनांचा बारकाईने अभ्यास केला आणि तो 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या आसपासची मुलं एका प्रसंगातून दुसऱ्यात बेडकासारखी उड्या मारत सांगतात. पाचव्या वर्षी घटना क्रमाने येऊ लागते, पण सगळ्यात ठळक क्षणापाशी येऊन थांबते. सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढे काय झालं, शेवट कसा झाला, हेही येऊ लागतं. हे सगळं बोलण्यातलं. माझा वर्गातला अनुभव असा की तेच सहा-सात वर्षांचं मूल हातात पेन्सिल घेतं तेव्हा पुन्हा बेडूकउड्या मारू लागतं. जोडाक्षर आठवायचं, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते ठरवायचं, ओळ सोडायची नाही, इतकं सगळं सांभाळताना घटनेचा धागा हातातून सुटतो. एक वाक्य लिहून होईपर्यंत पुढचं वाक्य कोणतं ते विसरलेलं असतं.

यातून माझे दोन नियम तयार झाले. तोंडाने पूर्ण सांगून झाल्याशिवाय पेन्सिल द्यायची नाही. आणि मुलाने ज्या क्षणापासून सुरुवात केली तो क्षण चुकीचा म्हणायचा नाही. तोच धरून मागे जायचं.

"जरा" हा शब्द महत्त्वाचा

मांजरवाल्या मुलाला मी शेजारी बसवलं. वही मिटलेली.

"मांजर बाहेर आलं. त्याच्या जरा आधी काय झालं?"

"ताईने दार उघडलं."

"त्याच्या जरा आधी?"

"बाबा म्हणाले थांबा, मी बघतो. पण ते चष्मा शोधत होते."

"आणि त्याच्या जरा आधी?"

"ताई म्हणाली चोर आहे. आम्ही घाबरलो."

"चोर आहे असं का वाटलं तिला?"

"आवाज येत होता ना. खरड् खरड्."

"आवाज आला तेव्हा तू काय करत होतास?"

"चित्र काढत होतो."

इथे थांबायचं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं ती जागा म्हणजे सुरुवात. त्याच्या मागे जायची गरज नाही.

नुसतं "आधी काय झालं?" विचारलं तर मूल थेट सकाळी उठण्यापर्यंत मागे जातं. "जरा आधी" म्हटलं की ते एकच पाऊल मागे टाकतं. या एका शब्दाने माझं काम खूप सोपं केलं. दुसरं पथ्य असं, की ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही तेवढंच मी विचारते. बाबा चष्मा शोधत होते हे मला कसं कळणार होतं? मुलाला समजतं की बाईंना खरंच ऐकायचं आहे, परीक्षा घ्यायची नाही, आणि मग ते मनापासून आठवतं.

मागे जाऊन सुरुवात सापडली की त्याच मुलाला एकदा पुढच्या दिशेने सगळं सांगायला लावायचं. "आता चित्र काढत होतास तिथून सांग." या वेळी मध्ये काही विचारायचं नाही, मान डोलवायची, बस. मागे जाताना सापडलेल्या पायऱ्या आता तो सरळ चढतो. पहिल्या फेरीत अडखळला तर दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावायचं. पुन्हा मलाच सांगितलं तर तो अर्धं गाळतो, कारण मला ते माहीत आहे हे त्याला माहीत असतं.

घरी ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत मुलाला सांगू द्यावं. शब्द कागदावर कसे उतरवायचे ते नंतर बघता येतं.

विषय दहा मिनिटांचा हवा

"माझी सहल" किंवा "सुट्टीत मी काय केलं" असा विषय दिला की हमखास एकच रचना येते: सकाळी उठलो, दात घासले, तयार झालो, गेलो, खूप मजा आली, घरी आलो, झोपलो. क्रम बिनचूक, आणि गोष्ट कुठेच नाही. अंथरुणातून उठून अंथरुणातच संपणाऱ्या अशा शेकडो रचना मी वाचल्या आहेत. मुलांना दोष देऊ नये, अख्खा दिवस आपणच त्यांच्या हाती दिलेला असतो.

दहा मिनिटांत घडून गेलेलं काहीतरी मागावं. दात पडला तो क्षण. काहीतरी हरवलं आणि नको तिथे सापडलं. दार आतून बंद झालं. दिवे गेले. सायकल पहिल्यांदा कुणी न धरता चालली. हातून काहीतरी फुटलं. अशा प्रसंगात एका गोष्टीमुळे दुसरी घडलेली असते, त्यामुळे क्रम पाठ करावा लागत नाही, तो घटनेतच असतो. पाय घसरला म्हणून भांडं फुटलं, भांडं फुटलं म्हणून सगळे धावत आले. मुलाच्या रचनेत "मग" वीस वेळा आलं की मी एकच खेळ घेते: यातल्या कोणत्या "मग"च्या जागी "म्हणून" बसतं? जिथे बसतं तिथे गोष्टीचा कणा आहे. जिथे कुठेच बसत नाही, तिथे बहुधा नुसती यादी आहे, आणि मी मुलाबरोबर विषयच बदलते.

पायांनी चालून बघणं

जमिनीवर खडूने पाच चौकोन. पहिल्या महिन्यात तीनच. मूल एकेका चौकोनात उभं राहतं आणि तिथे घडलेलं सांगतं. युक्ती एवढीच की आधी त्याला त्याच्या सगळ्यात मोठ्या क्षणावर उभं करायचं, म्हणजे बहुतेक वेळा चौथ्या चौकोनात. तिथून एकेक पाऊल मागे येत पहिल्या चौकोनात पोचायचं, मग पुन्हा पुढे चालत जायचं, आणि शेवटी पाचव्यात पाय टाकायचा: ते सगळं संपल्यावर काय झालं? हा पाचवा चौकोन मुलं विसरतात. "मांजर बाहेर आलं" एवढ्यावर त्यांची गोष्ट थांबते, आणि ऐकणारा विचारत राहतो की मग मांजराचं काय झालं.

अवघडलेली, कमी बोलणारी मुलं इथे खुलतात. एका मुलीने वर्षभर वर्गात दोन-तीन शब्दांपलीकडे कधी काही सांगितलं नव्हतं. चौकोनात उभी राहून तिने सगळं अभिनयाने दाखवलं, बोलली नाही. मग तिच्या मैत्रिणीने ते शब्दांत सांगितलं, आणि एका ठिकाणी ती ताडकन म्हणाली, "नाही, ते नंतर!" क्रम तिला पक्का ठाऊक होता.

अमेरिकेतल्या व्हिव्हियन गसिन पेली या बालवाडीच्या शिक्षिका मुलांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेत आणि मग वर्गातली मुलं त्या गोष्टी करून दाखवत. हे मी कळल्यापासून दर आठवड्याला करते. करून दाखवताना क्रमाची चूक लपत नाही. दार उघडायच्या आधीच मांजर बाहेर आलं तर मांजर झालेलं मूल गोंधळून उभं राहतं आणि लेखकाकडे बघतं. लेखक स्वतःच म्हणतो, "थांब, आधी ताई." मला बोलावंच लागत नाही.

मग कागद

कोरा कागद दोनदा दुमडून चार घरं. प्रत्येक घरात काड्यांची माणसं, घरटी एक मिनिट. घड्याळ लावते, नाहीतर काही मुलं पहिल्याच घरातल्या मांजराच्या मिश्या रंगवत बसतात. चित्रं झाली की घरं कापायची, पत्त्यांसारखी पिसायची आणि शेजाऱ्याला लावायला द्यायची. शेजाऱ्याने वेगळी लावली तर भांडायचं नाही, त्याला "असं का लावलंस?" विचारायचं. त्याच्या उत्तरात लेखकाला कळतं की आपण काय दाखवायचं विसरलो.

बाजारात मिळणारी चित्रक्रमाची कार्डं मी फार वापरत नाही. मुलं त्यावर "हा मुलगा आहे. हे झाड आहे. तो चढतो आहे." असं एकेक चित्र वर्णन करत बसतात, चित्रांना जोडणारी घटना त्यांच्या तोंडून येत नाही. शिवाय "बरोबर क्रम" एकच असतो असा शिकवणाऱ्याचा समज होतो. एका चित्रात मुलगी रडते आहे, दुसऱ्यात तिच्या हातात फुगा आहे. फुगा उडाला म्हणून रडली, की रडत होती म्हणून फुगा मिळाला? दोन्ही होऊ शकतं. कार्डं असतीलच घरात तर मुलाला दोन वेगवेगळ्या क्रमांनी लावायला सांगा आणि दोन्ही गोष्टी ऐका. तो खेळ छान होतो.

चित्रं क्रमाने चिकटवली की प्रत्येकाखाली एक वाक्य. पहिलीत ते वाक्य बऱ्याचदा मीच लिहिते, मूल सांगेल तस्सं. मी त्यात एकही शब्द घालत नाही. लिहायचं ओझं माझ्याकडे आलं की मुलाचं सगळं लक्ष घटनेवर राहतं. आळशी होतील, असं काही पालक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे: आपलं वाक्य छापल्यासारखं समोर दिसलं की पुढचं वाक्य मूल स्वतः लिहायला मागतं.

दुसरीपासून वाक्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर. लांबट पट्टी, एका पट्टीवर एकच वाक्य, मागे नंबर घालायचा नाही. पट्ट्या टेबलावर सरकवता येतात, मध्ये नवी घालता येते, एखादी बाजूला काढून ठेवता येते. वहीत लिहिलेली चूक सुधारायची म्हणजे सगळं पुन्हा लिहायचं, आणि सात वर्षांच्या मुलाला तो डोंगर वाटतो. म्हणून ते "असंच आहे माझं" म्हणत चुकीच्या क्रमाला चिकटून बसतं. पट्टी सरकवायला काहीच कष्ट नाहीत. पक्क्या वहीत उतरवायची सक्ती मी फक्त वर्षातून दोन-तीन आवडत्या रचनांसाठी करते.

अदलाबदल

विल्यम लॅबोव्ह आणि जोशुआ वॅलेत्स्की यांनी 1967 मध्ये माणसं आपले अनुभव कसे सांगतात याचा अभ्यास मांडला. त्यातली एक गोष्ट वर्गात थेट वापरता येते: दोन वाक्यांची जागा बदलली आणि घडलेलंच बदललं, तर ती वाक्यं घटनेच्या साखळीतली. जागा बदलूनही काही फरक पडला नाही, तर ते वाक्य मोकळं आहे.

मुलांना मी दोन पट्ट्या देते. "कुत्रा भुंकला. मी पळालो." उलटं लावा. "मी पळालो. कुत्रा भुंकला." दोन वेगळ्या घटना झाल्या! पहिलीत मी घाबरून पळालो, दुसरीत मला पळताना बघून कुत्रा भुंकला. आता दुसऱ्या दोन पट्ट्या: "कुत्रा काळा होता. माझा शर्ट लाल होता." उलटं लावा. काहीच झालं नाही. काळा कुत्रा मोकळा आहे, तो कुठेही बसेल.

यानंतर मुलं आपल्याच पट्ट्यांची दोन गटांत वाटणी करतात. साखळीतल्या पट्ट्यांचा क्रम आधी पक्का करायचा, मग मोकळ्या पट्ट्या जिथे वाचणाऱ्याला लागतील तिथे घालायच्या. कुत्रा काळा आणि खूप मोठा होता हे पळण्याच्या आधी आलं तर पळणं पटतं. दुसरीच्या दिवाळीनंतर की तिसरीत असं काही ठरवून न ठेवता, मुलं तयार दिसली की मी हा खेळ घेते. मला स्वतःला सगळ्यात आवडणारा हाच तास.

मराठीतले क्रमाचे शब्द, आणि ते कधी

आता तो तक्ता. "मग" हा मुलाच्या तोंडात आधीच असलेला शब्द आहे, त्याला हाकलू नका. पहिलीत सगळी गोष्ट "मग"वर चालली तर चालू द्या. तो शब्द मुलाला पुढे ढकलतो.

दुसरीत मी "-ल्यावर" आणते. "घंटा वाजल्यावर आम्ही पळालो." आधी घडलेलं आधी, नंतरचं नंतर, आणि दोन वाक्यांचं एक झालं. त्याच्या पाठोपाठ "-ऊन": "बूट काढून मी आत गेलो." इथे एकच काळजी, दोन्ही कामं एकाच माणसाची हवीत. "ऊन वापरून लिहा" म्हटलं की मुलं "घंटा वाजून आम्ही पळालो" असंही लिहितात. बोलताना ती कधी असं म्हणत नाहीत, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवते आणि तीच हसून सुधारतात.

"तेवढ्यात" मुलांना फार आवडतो. एकदा शिकवला की प्रत्येक वाक्यात येतो. त्याला मी एक अट घातली आहे: तेवढ्यातच्या आधी काहीतरी चालू असलं पाहिजे. "मी चित्र काढत होतो. तेवढ्यात आवाज आला." काढत होतो, खेळत होतो, बोलत होती, असं वाक्य आधी नसेल तर तेवढ्यातला उभं राहायला जागाच नाही.

"आधी" मात्र उशिरा, आणि जपून. ईव्ह क्लार्क यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं की लहान मुलं आधी आणि नंतर या अर्थाच्या शब्दांकडे नीट लक्ष न देता, वाक्यात जे पहिलं ऐकू आलं तेच पहिलं घडलं असं धरून चालतात. आता आपली मराठी बघा. "बूट घालण्याआधी मोजे घाल." आपण हे वाक्य सहसा असंच बोलतो, आणि त्यात नंतर करायचं काम पहिलं ऐकू येतं! "मोजे घातल्यावर बूट घाल" यात क्रम सरळ आहे. म्हणूनच सूचना देतानाही पहिलीच्या मुलांशी मी "-ल्यावर" वापरते, "-ण्याआधी" टाळते. "वही उघडण्याआधी नाव लिहा" म्हटलं की अर्ध्या वर्गाने वही उघडलेली असते, आणि ती मुलं अवज्ञा करत नसतात.

दिवसांच्या नावांचंही तसंच. लहान मुलांचा "काल" म्हणजे मागे कधीतरी, तो मागचा महिनाही असू शकतो. "परवा" तर मराठीत मागचाही असतो आणि पुढचाही, क्रियापद ऐकल्याशिवाय कळत नाही. छोट्या रचनेत दिवस नसला तरी काही अडत नाही. मी तिथे लाल शाई लावत नाही.

लाल शाई एकूणच क्रमासाठी निरुपयोगी आहे. "क्रम चुकला" असा शेरा वाचून मुलाला काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा मुलाने लिहिलंय अगदी तसंच सावकाश वाचून दाखवावं आणि जिथे आपलं चित्र तुटलं तिथे थांबून तेवढंच सांगावं: "इथे मला दिसेनासं झालं. तू अंगणात होतास ना, घरात कसा आलास?"

शेवटची पट्टी

मांजराकडे परत येते, कारण त्या मुलाने मला जे शिकवलं ते सांगायचं राहिलं आहे.

त्याच्या पट्ट्या आम्ही ओळीने लावल्या. "कपाट मी बंद केलं होतं" ही पट्टी मी त्याच्याकडून पहिल्या जागी ठेवून घेतली, कारण ते सकाळी घडलं होतं, सगळ्यांच्या आधी. त्याने "होतं" काढून "सकाळी मी कपाट बंद केलं" असं केलं. वर्गात वाचलं. खरड् खरड् येताच सगळी मुलं ओरडली, "मांजर आत आहे!" ताईचा चोर, बाबांचा चष्मा, सगळं वाया गेलं. त्याचा चेहरा पडला.

मधल्या सुट्टीत तो पट्ट्या घेऊन परत आला. पहिली पट्टी त्याने उचलून शेवटी ठेवली. मी विचारलं, "पण हे तर सकाळी झालं ना?"

"हो बाई. पण तेव्हा मला माहीतच नव्हतं."

मी घटना घडल्याचा क्रम लावत होते. त्याच्याकडे ती कळल्याचा क्रम होता, आणि या गोष्टीला तोच हवा होता. तेव्हापासून मोठ्या मुलांच्या बाबतीत पट्टी जागेवरून हलवण्याआधी मी विचारते: ही इथे ठरवून ठेवलीस की राहून गेली? राहून गेली म्हणाला तर आपण दोघं मिळून सरकवू. ठरवून ठेवली असेल तर वाचणाऱ्याला ती मागची गोष्ट आहे हे कळेल एवढी एक खूण दे. मराठीत ती खूण फार सोपी आहे: "होता, होती, होतं." बंद केलं म्हटलं की ते आत्ता घडतं. बंद केलं होतं म्हटलं की वाचणारा आपोआप मागे वळून बघतो. हा धडा मी आठ वर्षांच्या आतल्या मुलाला मुद्दाम देत नाही. सरळ क्रम हाताखाली आलेला असेल तरच तो मोडण्यात अर्थ असतो. पण एखादं मूल स्वतःहून तिथे पोचलं तर त्याला अडवायचं नाही.

त्याने खूण दिली, आणि "सकाळी" हा शब्दही ठेवला. मग उरलेल्या सगळ्या पट्ट्या चिकटवल्या. त्याची रचना अशी झाली:

"मी चित्र काढत होतो. तेवढ्यात कपाटातून खरड् खरड् आवाज आला. मी ताईला बोलावलं. ताई म्हणाली चोर आहे. आम्ही खूप घाबरलो. बाबा म्हणाले थांबा, मी बघतो. पण ते चष्मा शोधत होते. तोपर्यंत ताईने दार उघडलं. मांजर बाहेर आलं आणि माझ्या चित्रावर बसलं. कपाट सकाळी मीच बंद केलं होतं."